परदेशात ‘रुपये’ निवडू नका, हे बँकांनी सांगावे

महोदय,

सहल कंपन्यांच्या निघण्यापूर्वीच्या बैठकीत बॅगेचे वजन, थंडीचे कपडे, जैन जेवण असे सगळे तपशीलवार सांगतात. कार्डाने पैसे कसे द्यायचे, हे मात्र राहून जाते. त्याचा भुर्दंड ज्येष्ठांना जास्त बसतो.

पॅरिस असो की बँकॉक, दुकानात कार्ड लावले की यंत्रावर अनेकदा दोन रकमा दिसतात: एक तिथल्या चलनात, दुसरी रुपयांत. रुपयांचा हिशेब चटकन कळतो, म्हणून आपली माणसे तेच बटण दाबतात. पण तो दर आपल्या बँकेचा नसतो. तो यंत्रामागची कंपनी ठरवते आणि बाजारभावापेक्षा अनेकदा पाच टक्क्यांहूनही चढा असतो. त्यातला वाटा दुकानदारालाही मिळू शकतो, त्यामुळे काही जण न विचारताच रुपये निवडून पावती पुढे करतात. शिवाय व्यवहार परदेशातला म्हणून आपल्या अनेक बँका वर एक टक्का शुल्क घेतात, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळाच! स्थानिक चलन निवडले तरी बँकेचा मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा आकार, लागतो, बऱ्याच क्रेडिट कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत. पण तो आधी माहीत असतो आणि कमी मार्कअपचे कार्ड घेता येते.

एटीएमवर तर लोक घाबरतात. ‘कन्व्हर्जन नको’, म्हणजे रुपयांत हिशेब नको, म्हटले तर पैसेच येणार नाहीत, असे वाटते. पैसे येतात. थायलंडमध्ये दर वेळी दोनशेहून जास्त बाट शुल्क कापले जाते, तेव्हा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढलेले बरे.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशानुसार नवे कार्ड परदेशातील वापरासाठी बंदच असते. ते सुरू करायला ग्राहक शाखेत किंवा अॅपवर येतोच. त्याच क्षणी ‘नेहमी स्थानिक चलन निवडा’ असा मराठी संदेश प्रत्येक बँकेने दाखवावा. सहल कंपन्यांनीही बैठकीत यंत्राचा फोटो दाखवून पाच मिनिटे समजावावे.

तोवर प्रवाशांनी एवढे करावे: पावतीवर परस्पर रुपये छापून आले, तर काउंटर सोडण्याआधी व्यवहार रद्द करून पुन्हा स्थानिक चलनात करायला सांगावे. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांनुसार चलन निवडण्याचा हक्क कार्डधारकाचा आहे.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली