एसीचं नाक दाबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊन तापायला लागलं की एसीच्या जाहिरातींत 'फिल्टर' हा शब्द थंडाव्यापेक्षा मोठ्या अक्षरात येतो. त्या एका शब्दापायी मी गेल्या मे महिन्यात पैसे आणि झोप दोन्ही घालवलं, म्हणून हे पत्र.

मी लातूरच्या एका दाल मिलमध्ये एकतीस वर्षं मुनीम होतो. माझ्या खोलीची खिडकी चाळण्यांकडं उघडायची. हंगामात तुरीची भुकटी वहीवर इतकी बसायची की पान फुंकल्याशिवाय आकडा लिहिता येत नसे. तेव्हा धूळ आणि चाळणी या दोन गोष्टी आपल्याला कळतात, असा माझा समज होता.

आमच्या घरी आधी कूलरच होता. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तो उन्हाळा इथला कुणी विसरणार नाही. कूलर दिवसाला चार-पाच बादल्या प्यायचा आणि घरात पिण्याचं पाणी घागर मोजून. कूलर माळ्यावर गेला, पुढच्या वर्षी दीड टनाचा स्प्लिट एसी आला. त्याच्या नळीतून पडणारं पाणी आम्ही अजून बादलीत धरतो आणि तुळशीला, कढीपत्त्याला घालतो.

पण कूलर बाहेरची हवा आत ओढतो, तर आपला साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. खोलीत जी धूळ असेल तीच फिरते. एसीच्या झाकणामागची नायलॉनची जाळी खरं तर मशीनच्या रक्षणासाठी असते. तिच्यात केस अडकतो, कापसाचा तंतू अडकतो, तुरीची भुकटी मात्र आरपार जाते. आमच्या घरी पत्नीला धुळीची अॅलर्जी. सोयाबीनच्या मळण्या सुरू झाल्या की जो खोकला लागतो तो तूर बाजारात येईपर्यंत, आणि वैशाखात वावटळी सुटल्या की पुन्हा. तिच्यासाठी म्हणून बाजारात गेलो. दुकानदारानं हेपा, म्हणजे अगदी बारीक कण धरणारा फिल्टर, म्हणून कापसासारखे पांढरे चार तुकडे दिले. "हेपा हाय काका, धूळ काय, जंतूबी अडकतेत." साडेसहाशे रुपये.

कात्रीनं मापात कापून मीच ते जाळीवर बसवले. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला पत्नीनं उठवलं, तर तिची उशी ओली. एसीच्या तोंडातून पाणी टपकत होतं. झाकण उचलून टॉर्च मारली तर मागच्या कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, बर्फ, जुन्या फ्रीजरमध्ये साचायचा तसा, बोटभर जाड. बाहेर उकाडा आणि आमच्या भिंतीवर बर्फ!

सकाळी मेकॅनिक पोरगा आला. त्यानं तो पांढरा तुकडा दोन बोटांत धरून विचारलं, "काका, कामून मशीनचं नाक दाबलं तुम्ही?" मग त्यानं समजावून सांगितलं. आतला पंखा लहान असतो, साध्या जाळीतून हवा ओढण्यापुरताच. जाड फिल्टर लावला की हवा कमी येते, कॉइलला मिळायची ती ऊब मिळत नाही, कॉइल शून्याच्या खाली जाते आणि हवेतला ओलावा तिथंच गोठतो. बर्फानं उरलीसुरली वाटही बंद होते. असंच चालू राहिलं तर कॉम्प्रेसर जायचा.

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणानं. मिलमध्ये बारीक चाळणी लावायची तर ती रुंद घ्यावी लागते, नाहीतर माल तुंबतो, हे हमालालाही माहीत असतं. हाताखालून हजारो पोती गेली आणि एसीपुढं नेमकं हेच विसरलो.

पुढं हिवाळ्यात मुलाकडं डॅलसला गेलो. तिकडं सबंध घराला एकच यंत्र. थंडीत भट्टी चालते, उन्हाळ्यात कूलिंग. पंखा एक आणि पत्र्याच्या नळ्याही त्याच. हवा परत जाते त्या तोंडाशी पुठ्ठ्याच्या चौकटीत घड्या घातलेला फिल्टर. चौकटीवर माप छापलेलं, हवा कुठल्या दिशेनं जाणार त्याचा बाण, आणि फिल्टर किती बारीक धूळ धरतो ते सांगणारा 'मर्व्ह' नावाचा एक आकडा. ही मोजपट्टी तिथल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या अॅश्रे या संस्थेची, १ ते १६. मर्व्ह ८ चा फिल्टर ३ ते १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांतले किमान ७० टक्के धरतो. मर्व्ह १३ त्याहून कितीतरी बारीक, ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांतलेही निम्मे तरी अडवतो. हेपा म्हणवून घ्यायचं तर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरले पाहिजेत. माझ्या साडेसहाशेच्या कापसावर यातला एकही आकडा नव्हता.

तिथं सर्व्हिसिंगला आलेल्या माणसानं फिल्टरच्या दोन्ही बाजूंना रबरी नळ्या लावून दाब मोजला. पंख्याची ओढ ते पाण्याच्या इंचात मोजतात. यंत्रावर पंख्याची मर्यादा ०.५ इंच छापलेली होती आणि एकटा फिल्टरच ०.३ खात होता. मुलानं हौसेनं एक इंच जाडीचा मर्व्ह १३ घातला होता. बापाचाच मुलगा! मग त्या माणसानं फिल्टरची खाच मोठी करून चार इंच जाडीचा बसवला. बारीकपणा तोच, पण घड्या खोल असल्यानं कागद कितीतरी जास्त, म्हणून पंख्यावरचा ताण कमी. रुंद चाळणीच म्हणा की! कडेनं फट राहिली तर हवा फिल्टर सोडून तिथूनच जाते, हेही त्यानं बोट घालून दाखवलं.

एक गोष्ट मात्र मुनीमाच्या डोक्याला अजून नीट पटत नाही. हे फिल्टर नुसत्या चाळणीसारखे नसतात. भोकापेक्षा लहान कणही धाग्यांना आपटून, चिकटून राहतात. धरायला सगळ्यांत अवघड असतो तो ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण, त्याहून बारीक उलट सोपा. असो.

हे सगळं लातूरच्या वाचकाला कशाला? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मराठवाड्यातली छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही शहरं आहेत. धूळ आपल्याकडं आहे हे सरकारलाही मान्य आहे. आता नव्या बंगल्यांतही छताआडून नळ्या नेणारे मोठे एसी बसू लागलेत. असा एसी घेताय तर छत बंद करण्याआधी ठेकेदाराला विचारा, पंखा किती दाब ओढतो आणि त्यावर कोणता फिल्टर चालेल. नंतर छत फोडावं लागतं. स्प्लिट एसीवाल्यांनी वरून काही चिकटवू नये. जाळी पंधरा दिवसांनी नळाखाली उलट्या बाजूनं धुवावी आणि सावलीत वाळवावी. अर्ध्या बादलीत काम होतं आणि ते पाणीही झाडांना चालतं.

बारीक धुळीसाठी आम्ही शेवटी वेगळा प्युरिफायर घ्यायचं ठरवलं, कारण त्याचा पंखा त्याच्या फिल्टरच्या मापानं केलेला असतो. इथं हिशेब कामी आला. आमची खोली १० बाय १२ फुटांची, उंची १० फूट, म्हणजे १२०० घनफूट, सुमारे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा सगळी हवा गाळून निघायची तर ताशी १७० घनमीटर स्वच्छ हवा देणारं यंत्र हवं. हा आकडा डब्यावर असायला हवा. फिल्टर वेगळा विकणाऱ्यांनीही तो किती बारीक आणि पंख्यावर ताण किती, हे डब्यावर मराठीत छापावं, अशी सक्ती झाली पाहिजे. आपल्या वृत्तपत्रानं हा विषय लावून धरावा, ही विनंती.

परवा त्याच दुकानात गेलो होतो. प्युरिफायरचा डबा चारी बाजूंनी फिरवून पाहिला. हिरवं पान होतं, हसणारं बाळ होतं. आकडा कुठं आहे म्हणून विचारलं तर दुकानदार म्हणाला, "काका, आजवर कुणी विचारलाच न्हाई." डबा तिथंच ठेवून आलो.

आपला,
एक निवृत्त मुनीम, लातूर