आंटी, तुमचं नाव विचारायचं राहिलं

आंटी, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, ठाऊक आहे. पण हिंदीत लिहायला बसले की माझा हात अडतो. हे तुमच्यापर्यंत पोचलंच, तर कुणाकडून तरी वाचून घ्या.

२६ डिसेंबर २००४, रविवार. नाताळ आदल्याच दिवशी झालेला. कार निकोबारला सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हलली आणि मागोमाग समुद्र आत आला. बेट सपाट, चढून बसायला डोंगर नाही. आम्ही मायलेकी जंगलाकडे पळत सुटलो. दोन रात्री शहाळ्यांवर काढल्या, मग विमानानं पोर्ट ब्लेअर.

तिथं टेबलामागच्या साहेबांनी वही चाळून सांगितलं, "आपका नाम लिस्ट में नहीं है." नवरा हवाई तळावर कंत्राटदाराकडे कामाला, म्हणजे आम्ही ना फौजी, ना निकोबारी. मदतीच्या गाठोड्यातून माझ्या वाट्याला आला लोकरीचा स्वेटर, तोही कोपराला भोक पडलेला. अंदमानात स्वेटर! घरातली अडगळ काढून पुण्य कमावणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार.

तुमच्या चर्चच्या हॉलमध्ये कुणी वही उघडली नाही. आधी डाळभात वाढला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लेकीला पुढ्यात घेऊन बसलात. सहा वर्षांची पोर, केसांत मीठ आणि चिखल वाळून नुसत्या जटा. कापून टाका, असं सगळेच म्हणत होते. मीसुद्धा. तुम्ही खोबरेल चोळलंत आणि टोकाकडून एकेक गुंता सोडवत राहिलात. पंगत उठली तरी तुम्ही उठला नाहीत. मग तिला विचारलंत, "एक चोटी या दो?"

आंटी, चार दिवसांत नाव, गाव, माणसं किती, सगळं विचारून झालं होतं. तुला काय हवं, हे कुणी विचारलं नव्हतं. "दो. ऊपर बांधके," पोरगी ऐटीत म्हणाली. शाळेत जाताना घालायची तशा. आता रिबीन कुठली? नाताळची सजावट अजून भिंतीवर होती. त्यातली लाल फीत तुम्ही सोडवून आणलीत.

तुमची स्वतःची माणसं निकोबारमधल्या मलाक्का गावात होती आणि त्यांची काहीच खबर नव्हती, हे मला निघायच्या दिवशी दुसऱ्या एका बाईंकडून कळलं. नवरा सापडला होता, बोटीची घाई होती. तुमचा निरोपही धड घेतला नाही. सगळे आंटी म्हणायचे, मीही तेच म्हणत राहिले.

फीत आमच्या साताऱ्याच्या घरी देवघराच्या खणात आहे. रंग पार विटलाय. लेक माहेरी आली की केस विंचरायला माझ्यापुढेच बसते. मीही टोकाकडूनच सुरुवात करते.