अण्णांच्या गोळ्या आणि तुझी खाजकुइली

प्रिय बाळ्या,

पत्रास कारण की, चार दिवस अण्णांपाशी राहायला तू हो म्हणालास आणि माझी झोप उडाली. आठ महिने साधा फोन नाही अन् आता हे अण्णांच्या कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) गोळ्यांचं पुराण. शिव्या आल्यावर घाल. मी बरा आहे.

सिंडोपा प्लसची एकेक गोळी सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6. रात्री 10ला सिंडोपा सीआर गोळी. ती कुटायची नाही, चावू द्यायची नाही, नाहीतर सावकाश सुटायचं औषध एकदम सुटतं. तुझं ‘पाच मिनिटांत आलोच’ इथे चालणार नाही. गोळीतलं मुख्य औषध लेव्होडोपा, ते रक्तात दीड तासात निम्मं होतं. गोळी लांबली की पाय फरशीला खिळतात. तेव्हा हात धरून ओढू नकोस. पावलापुढे काठी आडवी ठेव, ओलांडा म्हण, पाऊल सुटतं. चुकलेली गोळी पुढच्या गोळीबरोबर जोडीने द्यायची नाही.

गोळी जेवणाआधी अर्धा तास, पेलाभर पाण्याबरोबर. डाळ, दही, मासे यांतलं प्रथिन आतड्यात त्याच दारातून शिरतं, मग गोळी बाहेर ताटकळते. मासे बंद नाहीत, नुसतं घड्याळ बघ. लोहाची गोळी दुपारी 4ला, मध्येच. ती लेव्होडोपाला धरून ठेवते. रात्री उठले की मिनिटभर पलंगाच्या कडेला बसव, रक्तदाब घसरतो.

खरा घोर पुढेच आहे. गोळ्या संपल्या तर पट्टीवर ‘प्लस’ वाचूनच घे. ‘सिंडोपा 110 पण तीच हो’ असं दुकानदार म्हणेल. नाही! लेव्होडोपा दोन्हींत 100 मिलिग्रॅमच, पण जोडीचं औषध कार्बिडोपा प्लसमध्ये 25 आणि 110मध्ये फक्त 10. कार्बिडोपा कमी पडलं की औषध मेंदूत पोचण्याआधीच खर्ची पडतं आणि मळमळ सुरू. मग कोणीतरी उलटीवर पेरिनॉर्म किंवा स्टेमेटिल देतं. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामाइन बनतं आणि ही दोन्ही त्या डोपामाइनचीच वाट अडवतात, माणूस लाकडासारखा ताठतो. आमच्याकडे मार्चमध्ये हेच झालं, नेमकं याच क्रमाने. म्हणून उलटी झाली तर आधी फ्रिजवरच्या नंबरावर न्यूरॉलॉजिस्टना फोन, मग बाकी.

आणि सुमामावशी कवचबीजाचं चूर्ण घेऊन येईल. कवचबीज म्हणजे काय, ठाऊक आहे? खाजकुइलीचं बी. सातवीत तू माझ्या सदऱ्यात टाकलीस तीच, आणि नाव लागलं विन्याचं. तू अजून कबूल केलेलं नाहीस. त्या बियांत लेव्होडोपाच असतं. म्हणजे चूर्ण हा न मोजलेला जादा डोस, हातपाय आपोआप वळवळायला लागतील. मावशीला चहा पाज, पुडी कपाटात टाक. वाद घालू नकोस, तू हरशील.

वहिनींचा गुडघा कसा आहे? सोनूचं कॉलेज ठरलं का? घराच्या हप्त्यांचं भेटल्यावर बोलू.

अण्णांना सांगितलं बाळ्या येतोय. म्हणाले, आधी त्याचे खिसे तपासा.

तुझा,
बंड्या