कळी कापून बघ, मग बोल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रात्री पारा शून्याखाली गेला की बागेतल्या सफरचंदाच्या कळ्या गेल्याच, असं तू धरून चालला आहेस. तसं नसतं. कळी किती उमलली आहे त्यावर तिची सोसण्याची ताकद ठरते. सफरचंदाच्या डोळ्याचं, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या कळीचं, टोक नुकतं रुपेरी दिसत असताना उणे ९ अंशांच्या आसपास अर्धा तास गेला, तर शंभरातले दहा डोळे मरतात. तेच गुलाबी कळी झाल्यावर उणे २.२ ला दहा जातात आणि उणे ३.९ ला नव्वद! डोळा फुगतो तसं त्यात पाणी भरतं. बर्फ आधी पेशींच्या बाहेर धरतो, आतलं पाणी ओढून घेतो आणि पेशी कोलमडते. म्हणून मला कडाक्याच्या थंडीपेक्षा तिच्याआधी पडणाऱ्या अवेळी उबेची जास्त धास्ती वाटते.

सकाळी सकाळी कळ्या बघून निकाल लावू नकोस. बर्फ वितळून काही तास जाऊ देत. मग खालच्या, मधल्या आणि शेंड्याकडच्या फांद्यांवरून मिळून शंभर कळ्या घे आणि दाढीच्या पात्याने आडव्या काप. मधोमध हिरवट ठिपका असेल तर कळी जिवंत. तपकिरी किंवा काळा असेल तर संपली. पाकळ्यांवर जाऊ नकोस, आतला स्त्रीकेसर, म्हणजे ज्यातून फळ धरतं तो मधला भाग, मेला तरी त्या टवटवीत दिसतात. सफरचंदाच्या एका गुच्छात पाच-सहा फुलं असतात. बहर दाट असेल तर दहातलं एक फूल टिकलं तरी पीक येतं. चेरीला एवढी सूट नाही.

कळ्या वाचवायला झाडांवर पाणी फवारणारं तुषार सिंचन लावणार असशील तर हिशेब नीट समजून घे. एक किलो पाणी गोठताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता सोडतं, पण तेवढंच पाणी वाफ होताना ६०० च्या घरात ओढून घेतं. हवा कोरडी असेल तर सुरुवातीलाच कळी आणखी गार होते. म्हणून ज्याच्या पाऱ्याच्या गोळीवर ओलं फडकं गुंडाळलं आहे अशा थर्मामीटरचा पारा शून्यावर येण्याआधी पाणी सुरू कर आणि झाडावरचा बर्फ सुटून गळू लागेपर्यंत थांबवू नकोस. ताशी ३ मिलिमीटर म्हणजे हेक्टरी तासाला ३०,००० लिटर. एवढं पाणी रात्रभर पुरणार नसेल तर हात लावू नकोस. अर्ध्यावर बंद पडलेलं सिंचन न लावण्यापेक्षा वाईट. वारा जोरात असला तरीही नको.

थंडीपासून बाग वाचवायला धूर करण्याचा सोस सोड. जमिनीची उष्णता धुरातून आरपार निघून जाते, ऊब काय ती जाळाची. त्यापेक्षा झाडांखालचं गवत आधीच बुडापासून काप, आच्छादन बाजूला ओढ आणि वरची फूटभर माती ओली ठेव. दिवसा साठलेली ऊब ती रात्री परत देते.

थर्मामीटर कळ्यांच्या उंचीवर टांग, घराच्या भिंतीला नको. टांगण्याआधी बर्फाच्या पाण्यात ढवळून बघ. शून्य दाखवत नसेल तर जितका फरक असेल तो त्याच्यावरच चिकटपट्टी लावून लिहून ठेव.

तुझा मित्र