त्या काकाबद्दल कोणीच काऊन लिहीत नाही?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागं तुमच्या रविवारच्या पुरवणीत स्टार वॉर्स या इंग्रजी पिक्चरवर अर्धं पान आलं होतं. त्यात यानं होती, लेझरच्या तलवारी होत्या, खेळण्यांच्या धंद्याचं होतं, काळ्या टोपड्यातल्या त्या माणसाचा हा मोठा फोटो होता. सगळं होतं, फक्त त्यातल्या ल्यूक नावाच्या पोराला वाढवणारा काका नव्हता. तेव्हा मी पिक्चर पाहिलाच नव्हता म्हणून मला काही खटकलं नाही. आता पाहिला, एक नाही चांगले सहा पाहिले, अन् परवा मसाल्याच्या डब्याखाली अंथरलेलं तुमचं ते पान सापडलं, ते झटकून परत वाचलं म्हणून हे पत्र. लांब होईल साहेब, कापायचं तिथं कापा.

मी शेतकरी माणूस, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या अलीकडं गाव. जन्म 1977 चा अन् पहिला पिक्चरपण 1977 चाच निघाला, मे महिन्यात अमेरिकेत लागला म्हणे. म्हणजे आम्ही दोघं एका वयाचे अन् भेट झाली आता. पाच एकर वावर, त्यातलं दोन विहिरीवर, तिथं यंदा हरभरा. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं अन् रोही सोडत नाहीत, एका रात्रीत अर्धा एकर साफ करून टाकतात, म्हणून जागलीला जावंच लागते. मचाणावर टॉर्च, वाजवायला रिकामा पिपा, अंगावर दोन घोंगडे अन् रात्रभर डोळे उघडे ठेवायचं टेन्शन. पहिले रेडिओ राहायचा, आता मोबाईल. वावरात नेटवर्क येत नाही म्हणून पुतण्यानं तालुक्याला बसस्टँडवर बसून पिक्चर डाऊनलोड करून आणले अन् म्हणे, "काका, हे पाहा, झोप येनार नाही."

मी लावायला गेलो तर वर लिहिलेलं भाग चौथा. मी म्हटलं काऊन बे, आधीचे तीन कुठं गेले? तर तो म्हणे हाच पहिला, 1977 चा, मग 1980 चा पाचवा, 1983 चा सहावा, अन् पहिला दुसरा तिसरा हे नंतर काढले, 1999, 2002 अन् 2005 ला. अन् गंमत म्हणजे पहिल्यांदा लागला तेव्हा त्यावर चौथा असं लिहिलेलंच नव्हतं, ते 1981 ला परत लावला तेव्हा चिकटवलं. आमच्या गावात पोथी मधूनच वाचायला घेतली तर बुढे लोक भांडतील, पण ठीक आहे, म्हटलं तू सांगशील तसं.

मला वाटलं होतं पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत नुसता धुमधडाका राहीन. सुरुवातीला आहेच तसा, एवढं मोठं यान डोक्यावरून जाते अन् जातच राहते. पण पुढं काय येते तर शेती! साहेब, खोटं नाही सांगत, मचाणावर मी उठून बसलो. वाळवंटातला एक ग्रह, आकाशात दोन सूर्य, अन् तिथं एक माणूस, तोच हा काका, हवेतून पाणी काढायची शेती करतो. खांबासारखी यंत्रं वावरात उभी केलीत, ती हवेतला ओलावा ओढतात. आमच्याकडं तीनशे फुटाला पाणी लागत नाही म्हणून लोक चौथं बोअर मारतात, हा त्याच्याहीपुढं गेलेला. घर जमिनीखाली, गोल खड्डा अन् त्याच्या भिंतीत खोल्या, आपल्याकडं ज्वारीचं पेव राहायचं ना तसं, फक्त माणसं राहण्याएवढं. ते काही सेट नाही, आफ्रिकेत ट्युनिशिया देशात मातमाता म्हणून गाव आहे तिथं लोक खरंच अशा घरात राहत आलेत, तिथंच शूटिंग केली.

मग त्या वावरात भंगारवाले येतात. बुटके, तोंडावर टोपी, सेकंडहँड रोबोट विकणारे. काका रांगेतून फिरतो, एकाला विचारतो तुला आमच्या यंत्रांची भाषा येते का, तो सोनेरी रोबोट मोठ्या तोंडानं सगळं येते म्हणतो, अगदी बैलबाजारात दलाल बोलतो तसा. काका त्याच्यासोबत एक लाल रोबोट घेतो अन् तो चार पावलं चालत नाही तर डोक्यातून धूर! मी एकटाच हसलो रात्री एक वाजता, रोही पळाले असतील. मी स्वतः सेकंडहँड मोटारपंप आणला होता एकदा, विहिरीवर बसवला, बटन दाबलं अन् फट्. विकणारा म्हणे तुमच्या लाईनीचा फॉल्ट आहे. काकानं मात्र जागेवरच भंगारवाल्याला धरला अन् बदलून दुसरा निळा घेतला, तोच पुढं सगळ्या गोष्टीचा हिरो निघाला. हा सीन ज्यानं लिहिला त्यानं शेती जवळून पाहिली असली पाहिजे. नंतर पुतण्यानं सांगितलं, जॉर्ज लुकस हा कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो नावाच्या गावचा, शेतीचाच भाग तो, घरी अक्रोडाची बाग, बापाचं स्टेशनरीचं दुकान अन् बापाची इच्छा की पोरानं ते दुकान पुढं चालवावं. पोरगा काही थांबला नाही.

आता मुद्द्यावर येतो. त्या काकाकडं पुतण्या आहे, ल्यूक, एकोणीस वर्षाचा. आईबाप नाहीत. त्याला यान चालवायच्या अकादमीत जायचं आहे, मित्र आधीच निघून गेलेत. जेवताना तो हळूच विषय काढतो की आता हे दोन रोबोट आले, मग मी यंदाच गेलो तर? काका ताटातून मान वर न करता म्हणतो, हंगामाच्या वेळीच तर तुझी गरज आहे, फक्त एक हंगाम थांब, पुढच्या वर्षी जास्तीचे माणसं लावू. पोट्टा उठून जातो, बाहेर दोन सूर्य बुडताना पाहत उभा राहतो. ते म्युझिक जॉन विल्यम्सचं, सगळे त्या सीनचंच कौतुक करतात. पण मी आतमध्ये अडकलो साहेब. आत काकू म्हणते त्याच्यात त्याच्या बापाचं लय आहे, अन् काका म्हणतो त्याचीच तर मला भीती वाटते.

मी मोबाईल बंद केला अन् बराच वेळ अंधारात पाहत बसलो. कारण हा डायलॉग मी मागच्याच दिवाळीत मारला होता. माझा पुतण्या एकवीसचा आहे, आयटीआय झाला, चाकणला कंपनीत ॲप्रेंटिसचा कॉल आला होता, त्याचे दोन दोस्त गेलेपण. मी म्हटलं कापूस वेचायला बाया मिळून नाही राहिल्या, तुरी उभ्या आहेत, हरभरा पेरायचा आहे, एवढा हंगाम होऊ दे. तो काही बोलला नाही, गाडी काढली अन् स्टार्टरचा कंडेन्सर आणतो म्हणून तालुक्याला गेला तो रात्रीच आला. तो ल्यूकपण असाच कुठला तरी पार्ट आणायला जातो म्हणून मित्रांकडं जायला बघतो अन् काका म्हणतो कामं झाल्यावर जा!

अन् दुसरी गोष्ट. काकानं त्याला सांगून ठेवलेलं असते की तुझा बाप मालवाहू यानावर होता, लढाईबिढाई काही नाही. खोटं असते ते. माझा भाऊ गेला तेव्हा पुतण्या चार वर्षाचा होता अन् कसा गेला हे आम्ही त्याला बरेच वर्ष नीट सांगितलं नाही, विदर्भातल्या पेपरच्या संपादकाला याच्यापुढं काय सांगायचं. पोरगं मोठं होऊन गावातूनच ऐकते ते निराळं. पण सांगताना तोंड उघडत नाही, हे मला माहीत आहे अन् त्या काकाला माहीत होतं.

मग काय होते, सैनिक त्या रोबोटांच्या मागावर येतात अन् काका काकूला जाळून टाकतात. जळलेलं घर, दारात दोन सांगाडे, बस्स. पिक्चर सुरू होऊन तास नाही झाला. पोट्टा परत येऊन पाहतो, एक म्हातारा त्याच्या खांद्याला हात लावतो अन् निघाले दोघं ग्रह ग्रह फिरायला. त्या म्हाताऱ्याला पुढं सगळे गुरू म्हणतात, त्याची याद काढतात, तो मेल्यावर भूत होऊन सल्लेपण देतो. एकोणीस वर्ष ज्यानं खाऊ घातलं त्याचं नावसुद्धा मग पोरगा घेत नाही! ओवेन म्हणतात त्याला, निदान तुमच्या पेपरात छापून येऊ द्या.

बाकी पिक्चर मला आवडला, हे सांगून ठेवतो, नाहीतर तुमच्या शहरातले वाचक म्हणतील खेडवळाला समजलं नाही. तलवारीचा तो घूंऽऽ आवाज मला पहिल्यांदाच ओळखीचा वाटला, कुठं ऐकला ते चार दिवस आठवेना. लहानपणी जत्रेत टुरिंग टॉकीज यायची, आम्ही पोट्टे मुद्दाम मशीनजवळ तंबूला टेकून बसायचो, तिथं पिक्चरपेक्षा मशीनचाच आवाज जास्त. पुतण्याला म्हटलं हा प्रोजेक्टरचा आवाज आहे, तो हसला, मग शोधून पाहिलं तर खरंच निघालं. बेन बर्ट नावाचा साऊंडवाला होता, त्यानं जुन्या प्रोजेक्टरच्या मोटारीची घुरघुर घेतली अन् तिच्यात टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण मिसळली. काळ्या टोपड्याचा श्वास पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या हवेच्या नळीतून काढला. तो श्वास मात्र मला रात्री ऐकवला नाही. 2017 ला आमच्या जिल्ह्यात फवारणीत माणसं गेली, तेव्हापासून तोंड झाकून पंप मारणाऱ्याचा श्वास ऐकला की पोटात कसंतरी होते.

दुसरा पिक्चर घरी पाहिला, दिवसा, पोटमाळ्याच्या खांबाला मोबाईल टेकवून. आई तुरीची डाळ निवडत होती, तिला नीट दिसत नाही, इंग्रजी कळत नाही, मध्ये मध्ये मी सांगत होतो की हा काळ्या टोपड्यातला माणूस त्या पोराला गावोगाव शोधून राहिला. आई म्हणे, "एवढ्या जिवानं शोधून राह्यला तं बाप असंन थो त्याचा." मी म्हटलं बाप मेला आहे आई. ती म्हणे बरं. आता साहेब, 1980 ला हे गुपित फुटू नये म्हणून त्या लोकांनी काय काय केलं, काळ्या पोशाखातल्या नटाला खोटा डायलॉग दिला, ल्यूक झालेल्या मार्क हॅमिलला सीनच्या जरा आधी कानात सांगितलं, नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात खरं वाक्य भरलं, अन् इकडं आमच्या बुढीनं सुपातले खडे वेचता वेचता ओळखलं. शेवटी तो काळ्या टोपड्यातलाच बाप निघायचा सीन आला, मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं अन् एवढंच विचारलं, "मंग पोराले कोनं सांगतलं नाई काऊन?"

मी काही बोललो नाही. पुतण्या तिथंच होता.

तिसऱ्यात अस्वलाच्या पिल्लासारखे बुटके लोक लाकडं अन् दगडं घेऊन सैन्याशी लढतात, त्याला लोक नावं ठेवतात म्हणे, पोरकट आहे. मला नाही वाटलं. पिपा वाजवून डुकरं हाकलणाऱ्या माणसाला दगड काय करू शकते ते माहीत राहते. नंतरच्या तीनपैकी पहिल्यात सुरुवातीलाच व्यापारी मार्गावरच्या टॅक्सचं भांडण, मला तिथंच झोप लागली, त्या रात्री डुकरं येऊन गेली ते वेगळंच नुकसान. दुसऱ्यात तो बाप तरुण असताना पोरीला सांगतो मला वाळू आवडत नाही, खरबरीत राहते अन् सगळीकडं घुसते. लोक हसतात त्याला. आम्ही पावसाळ्यात काळी माती चपलेला दोन दोन किलो चिकटते म्हणून अशाच शिव्या देतो.

पण 2005 चा पाहा, शेवट पाहा फक्त. तो म्हातारा तेव्हा तरणा आहे, तान्हं पोरगं घेऊन त्या वाळवंटात येतो, काकूच्या हातात देतो अन् निघून जातो. काकू पोराला घेऊन काकाजवळ येते. काका आधीच बाहेर उभा आहे, तरुण आहे, अन् समोर तेच दोन सूर्य बुडून राहिलेत. पोरगं मोठं होऊन जिथं उभं राहते तिथंच. म्हणजे त्यानंपण कधीतरी तिकडं पाहिलं होतं ना साहेब? ही गोष्ट तुमच्या अर्ध्या पानात बसली असती, एका यानाचा फोटो कमी केला असता तर.

अजून तीन आहेत, 2015, 2017 अन् 2019 चे, ते बाकी आहेत. मराठीत मला कुठं सापडले नाहीत, इंग्रजीत खालचे अक्षर थांबवून थांबवून वाचावे लागतात, बॅटरी तेवढी टिकत नाही.

पुतण्यानं हा पिक्चर मला मुद्दाम दाखवला का सहजच, ते मी विचारलं नाही अन् त्यानं सांगितलं नाही. परवा मीच म्हटलं, त्या कंपनीत फोन लाव, जागा आहे का विचार, असेल तर जा, हरभरा मी अन् तुझी काकू पाहून घेऊ, मजूर नाही मिळाले तर हार्वेस्टर लावू. त्यानं फोन लावला, एक तारखेला ये म्हणे. मग दोन दिवसांनी मचाणावर माझ्याजवळ येऊन बसला अन् म्हणते काय, "काका, एवढा हरभरा निघू द्या, मंग जातो."

मी म्हटलं, तुनं थो पिक्चर नीट पाह्यला का नाही बे?

आपला,
एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ