जुने दुवे मेले, मजकूर मेलेला नाही

महोदय,

१९९०च्या दशकातल्या प्रबंधांत दिलेले इंटरनेटवरचे दुवे उघडत नाहीत, म्हणून संशोधक विद्यार्थी ते संदर्भच गाळतात. हे वाईट आहे, कारण त्यातले पुष्कळ साहित्य आजही मिळते.

दुवा 'एफटीपी'ने (इंटरनेटवरून फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत) सुरू होत असेल तर आधी ब्राउझरवर संशय घ्यावा. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१मध्ये ती सोयच काढून टाकली. त्याऐवजी फाइलझिला हा एफटीपीचा प्रोग्राम वापरावा, नावाच्या जागी 'अ‍ॅनॉनिमस', पासवर्डच्या जागी ईमेल पत्ता. फाइल बायनरी, म्हणजे जशीच्या तशी उतरवण्याच्या पद्धतीनेच उतरवावी. आस्की, म्हणजे साध्या मजकुरासाठीच्या पद्धतीत ओळीअखेरची चिन्हे बदलू शकतात आणि कॉम्प्रेस केलेली फाइल उघडतच नाही. 'पीएस.झेड' (कॉम्प्रेस केलेली पोस्टस्क्रिप्ट) फाइल जीझिप या प्रोग्रामने उलगडून घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने तिची पीडीएफ करता येते.

सर्व्हरच बंद असेल तर फाइलचे नेमके नाव शोधावे. एकच फाइल अनेक विद्यापीठे त्याच नावाने ठेवत. मॅकगिल विद्यापीठात १९९०मध्ये तयार झालेला 'आर्ची' हा एफटीपीवरच्या फाइलींचा शोधक तर मजकूर नव्हे, फक्त फाइलींची नावेच धुंडाळत असे.

भौतिकशास्त्रवाल्यांचे काम सर्वांत सोपे. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१मध्ये सुरू केलेल्या 'अर्काइव्ह' (arXiv) या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचे लेखांचे जुने क्रमांक अजून चालतात. 'हेप-टीएच/९१०८००१' म्हणजे सैद्धांतिक उच्च-ऊर्जा भौतिकी या विषयातला १९९१चा ऑगस्ट, पहिला लेख. सुरुवातीचे विषयाचे लघुनाव मात्र गाळू नये. नुसत्या आकड्यांवरून लेख ठरत नाही, कारण प्रत्येक विषयाची मोजणी वेगळी होती. ही पद्धत मार्च २००७पर्यंतच्या लेखांना लागू आहे.

वेबपान असेल तर 'वेबॅक मशीन' या जुन्या वेबपानांच्या संग्रहामध्ये पत्त्याचा शेवटचा भाग काढून वरच्या पातळीचे पान पाहावे.

– एक ग्रंथपाल, पुणे