प्रयोगवहीत अंदाजाला जागा द्या

महोदय,

ज्ञानरचनावादाचा (मूल आपले ज्ञान अनुभवातून स्वतःच रचते, या विचाराचा) बोलबाला झाल्यापासून विज्ञानाच्या तासाला कपाटातले साहित्य बाहेर येऊ लागले, हे चांगलेच. पण हाताला काम मिळाले की डोक्यालाही मिळाले, असे धरून चालणे चूक. मूल वर्गात येते तेच स्वतःची स्पष्टीकरणे घेऊन. ती आधी उघडी पडली नाहीत, तर प्रयोग पाहूनही जागची हलत नाहीत.

विद्युतधारेचेच घ्या. बल्ब धारा ‘खातो’, म्हणून पुढे ती कमी होते, असे अनेक मुलांना व्याख्या पाठ असूनही वाटते. यासाठी दीड व्होल्टचे दोन सेल, विजेरीचा २.५ व्होल्टचा बल्ब, तारा आणि ५०० मिलिअँपिअरचा अमीटर (धारा मोजण्याचे उपकरण) पुरे. जोडणी दाखवावी, पण परिपथ पुरा करू नये. बल्बच्या अलीकडे २५० मिलिअँपिअर भरले तर पलीकडे किती: १) कमी, २) तेवढेच की ३) जास्त? मुलांनी उत्तर आणि एका वाक्यात कारण लिहावे. कारणाशिवायचा अंदाज म्हणजे नाणेफेक. अंदाज पेनाने लिहावा आणि त्याला गुण नसावेत. नाहीतर खोडरबर फिरतो आणि सगळ्यांचेच अंदाज बरोबर निघतात!

मग उत्तराचा क्रमांक छातीशी बोटांनी दाखवायचा (हात वर करायला सांगितले की सगळे हुशार मुलाकडे बघतात), शेजाऱ्याशी तीन मिनिटे वाद, पुन्हा बोटे, आणि मगच मोजणी: धारा दोन्हीकडे सारखीच भरते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्रा. एरिक मझूर यांनी १९९१ पासून महाविद्यालयीन वर्गांत रुजवलेली ही पद्धत शाळेतही चालते. मात्र पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तरच वाद रंगतो. त्याहून कमी असतील तर आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवण्याचा प्रकार होतो; तिथे शिक्षकानेच पुन्हा समजावावे.

दोन बल्ब एकसर (एकामागे एक) जोडून हेच दाखवण्याचा मोह टाळावा. बल्ब वेगवेगळ्या बनावटीचे असले की एक मंद पेटतो आणि ‘पहिल्याने जास्त खाल्ली’ ही समजूत पक्की होते. तसे झालेच तर बल्बांची अदलाबदल करावी. मंद बल्ब कुठेही लावला तरी मंदच राहतो. दोन अमीटरही नकोत, त्यांच्या काट्यांत फरक असतो. एकच अमीटर आधी अलीकडे, मग पलीकडे लावावा.

‘मुलेच शोधतील’ म्हणून बाजूला होणेही तितकेच घातक. नवख्याला एका वेळी फार गोष्टी डोक्यात धरता येत नाहीत. तो अमीटर थेट सेलला जोडून जाळून बसतो.

प्रयोगवहीत मात्र अजूनही उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान एवढेच रकाने. कृतीच्या आधी ‘माझा अंदाज आणि कारण’ अशा चार ओळी अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी छापाव्यात, आणि वही तपासताना चुकलेल्या अंदाजावर लाल रेघ मारू नये.

– काही विज्ञान शिक्षक